चुलतभावाला कांजिण्या, लेकीची केमो चालू. गुरुवारपर्यंत थांबू का?

काजवा

मुलगी सहा वर्षांची. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. मोठी केमो संपली, आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून चालणारी हलकी केमो: रोज मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि मागच्याच आठवड्यात पाच दिवस स्टेरॉइड झालं.

परवा शनिवारी तिचा चुलतभाऊ आला होता. दोघं तासभर चादरीच्या तंबूत, एका टॉर्चच्या उजेडात, डोक्याला डोकं लावून बसली होती. आज सकाळी जाऊबाईंचा फोन: त्याच्या पाठीवर पाण्याचे फोड, डॉक्टर म्हणाले कांजिण्या. शनिवारी त्याच्या अंगावर एक ठिपकासुद्धा नव्हता. जाऊबाई बिचाऱ्या रडत होत्या, त्यांना तरी काय बोलणार.

लेक आत्ता पलंगावर उड्या मारतेय. ताप नाही, पुरळ नाही. पुढची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे, तेव्हाच सांगितलं तर चालेल ना? गेल्या महिन्यात मी डास चावल्याच्या गांध्यांना पुरळ समजून रात्री अकराला वॉर्डला फोन केला होता. आता परत उगाच फोन करायला कसंतरी वाटतं. शिवाय आजारपणाआधी, दीड वर्षाची असताना, तिला कांजिण्यांची लस दिलेली आहे. मग एवढी भीती नाही, असं धरू का?

निळी छत्री

काजवाताई, वाचणं इथेच थांबवा आणि आधी फोन करा. बाकीचं नंतर.

केलात? बरं. आता सांगते.

कांजिण्यांचं मूल फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देत असतं. म्हणजे तो तंबू धरायचाच. आणि तुमचं घड्याळ शनिवारी सुरू झालंय, पुरळ येईल तेव्हा नाही. इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे कांजिण्यांविरुद्धच्या तयार अँटिबॉडींचं, इंजेक्शन संपर्कानंतर जितकं लवकर तितकं बरं, शक्यतो ९६ तासांच्या आत. दहाव्या दिवसापर्यंत देतात, पण आपण होऊन उशीर कशाला करायचा? गुरुवार म्हणजे तुमचा पाचवा दिवस.

मी थांबले होते. लेक तेव्हा आठ वर्षांचा, हाच आजार, हेच मेंटेनन्स. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या मुलीला कांजिण्या झाल्याचं मला कळलं होतं, पण ‘बघू, काही दिसलं तर सांगू’ असं मनाशी म्हटलं. पंधराव्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. पुरळ नाही, ताप जेमतेम. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधामुळे त्याला बद्धकोष्ठ व्हायचं, त्यामुळे मला तेच वाटलं. दोन दिवस मी त्याचं पोट चोळत बसले होते. तिसऱ्या दिवशी डोकं पुसताना, नुकत्याच उगवलेल्या त्या मऊ केसांत, कानामागे टाचणीच्या डोक्याएवढा एक फोड दिसला. संध्याकाळपर्यंत पन्नासेक झाले. लिव्हरचे आकडे चढलेले निघाले. विषाणू आधी आत उतरला होता, कातडीवर नंतर आला.

पुढचे दहा दिवस बंद दाराची खोली. दर आठ तासांनी शिरेतून असायक्लोव्हिर, म्हणजे या विषाणूवरचं औषध, प्रत्येक डोस तासभर हळूहळू. जोडीला सलाईन, कारण पाणी कमी पडलं तर या औषधाचे खडे मूत्रपिंडात अडकू शकतात. मी मोजपात्रात लघवी मोजून भिंतीवरच्या कागदावर लिहायचे, पहाटे तीनलासुद्धा. मेंटेनन्सच्या गोळ्या थांबवल्या तेव्हा मला कांजिण्यांपेक्षा त्याचीच भीती वाटली. आजार परत उलटला तर? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की आधी हे आवरू, गोळ्या परत सुरू करता येतात. झाल्याही.

आणि एवढ्यावर संपलं नाही. आठ महिन्यांनी उजव्या बरगडीवर ‘शर्ट टोचतो’ म्हणायला लागला. मी शर्टाचं लेबल कापलं! तिसऱ्या दिवशी पाठीच्या कण्यापासून पोटाकडे फोडांचा पट्टा उमटला, बरोबर मध्यावर येऊन थांबलेला. नागीण. मला ती म्हाताऱ्या माणसांनाच होते असं वाटायचं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत लपून राहतो आणि प्रतिकारशक्ती खाली गेली की जागा होतो. या वेळी फोड दिसल्याबरोबर, पाचव्या मिनिटाला फोन केला. आतपर्यंत काही गेलं नाही.

डासाच्या गांधीवरून केलेल्या फोनचं म्हणाल, तर तिथल्या नर्सला तो आठवतही नसेल.

बालरोगवाला

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण तुमच्या मुलीची फाइल माझ्यापुढे नाही. निर्णय तुमच्या कॅन्सरच्या टीमचाच.

लसीबद्दल: तिच्यावर विसंबू नका. केमोमुळे आधी मिळालेलं संरक्षण पुसट होऊ शकतं. टीम रक्तातल्या अँटिबॉडी तपासेल, मग इंजेक्शन किंवा संपर्कानंतर साधारण सातव्या दिवसापासून असायक्लोव्हिर, यातलं काय ते ठरवेल. आत्ता तिला ही लस पुन्हा द्यायची नाही. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. (ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये जपानात ती तयार केली, स्वतःच्या मुलाच्या भयंकर कांजिण्या पाहिल्यानंतर.) घरातल्या बाकीच्यांना मात्र कांजिण्या किंवा लस झालेली नसेल तर जरूर घ्यावी.

कांजिण्या उमटायला १० ते २१ दिवस लागतात. इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर २८ पर्यंत धरतात. म्हणून आठव्या दिवसापासून तिला दवाखान्याच्या सामाईक वेटिंगमध्ये बसवू नका. तिथे तिच्यासारखीच मुलं असतात. आधी फोन करून कोणत्या दाराने यायचं ते विचारा. ॲस्पिरिन अजिबात नको, आयबुप्रोफेनही नको. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, आधी कळवायचं.

उंबरा

मध्येच विचारते. आमच्याकडे आजींना नागीण झालीय आणि नातवाची केमो चालू आहे. तिच्यापासून नागीण लागते का?

बालरोगवाला

नागीण लागत नाही, पण फोडांतल्या पाण्यातून त्याला कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या खपल्या धरेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा, फोड झाकलेले असले तरी. आणि याआधी जवळ बसला असेल तर तुम्हीही आजच फोन करा.

काजवा

केला. नर्सने एकदाही ‘परत तुम्ही?’ केलं नाही. तिने विचारलं, किती वाजता, किती वेळ, किती जवळ. चादरीचा तंबू सांगितल्यावर म्हणाली, ‘म्हणजे तोंडासमोर तोंड. आजच या, मागच्या दाराने.’ रक्त घेतलं आणि दोन्ही मांड्यांत इंजेक्शन दिलं. लेक माझ्याशी अजून बोलत नाहीये. आता २८ दिवस रोज अंघोळीच्या वेळी टाळूपासून तळपायापर्यंत बघायचं, तोंडाच्या आतसुद्धा.

निळीताई, एक सांगाल? त्याचं पोट नेमकं कुठे दुखायचं?

निळी छत्री

वरच्या बाजूला, बरगड्यांखाली, आणि पाठीतही. हात लावू द्यायचा नाही. पण तुम्ही जागा शोधत बसू नका. नुसतं ‘दुखतं’ म्हणाली तरी फोन करा, रात्री अकरा वाजले असले तरी.