प्रतिसाद: ९० टक्के लक्षात राहतं?

'वाचलेलं १० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं' असं ट्रेनिंगबद्दल सर्रास म्हटलं जातं. करून बघायला हवं हे शंभर वेळा मान्य, पण ते आकडे खरे नाहीत. ते ज्यांच्या नावावर खपवले जातात त्या एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ साली 'अनुभवांचा शंकू' ही शिकण्याच्या अनुभवांची आकृती मांडली तेव्हा त्यात टक्केवारी नव्हतीच, ती मागाहून चिकटवली गेली.

आणि एकदा हाताने करून घेतलं की झालं, हाही गैरसमजच. गोव्यात वेर्ण्याच्या आमच्या कारखान्यात आगीचं ट्रेनिंग झालं तेव्हा प्रत्येकाने फायर एक्स्टिंग्विशर चालवला होता. अभिप्रायाचे सगळे फॉर्म 'उत्तम'. दोन महिन्यांनी मी पॅकिंगमधल्या ५ जणांच्या हातात अचानक एक्स्टिंग्विशरचा रिकामा सिलिंडर दिला, तर तिघं मूठ अडवून ठेवणारी पिन न काढताच मूठ दाबत राहिले. जोर लावून लावून एकाची बोटं लाल झाली! मला रात्री झोप लागली नाही. खरी आग असती तर?

तेव्हापासून दर सोमवारी शिफ्ट बदलताना ५ मिनिटं काढते. कागद नाही, स्लाइड नाही. सिलिंडर पुढे ठेवायचा आणि कोंकणीतच विचारायचं, "पयलीं कितें करपाचें?" (आधी काय करायचं?) उत्तर तोंडी चालत नाही, हाताने दाखवायचं. आता नवीन मुलंसुद्धा आधी पिनेला हात घालतात.