फोनचा टच गेला? फोल्डर (काच आणि पडदा एकत्र) बदलायच्या आधी काय करून पाहिलंत, ते सांगा

गेल्या महिन्यात आईचा फोन 'टच गेला' म्हणून दुकानात नेला आणि काचेला हात न लावता परत आणला. त्यावरून हा धागा काढतोय.

आईची तक्रार अशी, की व्हॉट्सॲपवर मेसेज लिहिता येतो पण जात नाही. मी पाहिलं तर खरंच तसं. कीबोर्डवरची उजव्या कडेची अक्षरं व्यवस्थित उमटत होती, पुसायचं बटण चालत होतं, आणि त्याच्या बोटभर वरचं हिरवं 'पाठवा' बटण मात्र दाबून दाबून काही होईना. दुकानदार म्हणाला, उजव्या कडेचा टच गेलाय, फोल्डर बदलावा लागेल, अडीच हजार. कडेचा टच गेला असेल तर त्याच कडेची अक्षरं कशी उमटतात, हे मला पटेना. फोन घेऊन घरी आलो.

सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात 'पॉइंटर लोकेशन' सुरू केलं. मग बोट फिरेल तिथे मागे रेघ उमटते आणि वरच्या पट्टीत आकडे पळतात. शेतात तास काढावेत तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवलं. एकही रेघ तुटली नाही, उजव्या कडेलाही नाही. काचेला बोट कळत होतं, ते ॲपपर्यंत पोचत नव्हतं.

मग सेफ मोड. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण दाबून पडद्यावरच्या 'पॉवर ऑफ'वर बोट धरून ठेवलं की तो विचारतो. यात आपण वरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, म्हणून साध्या एसएमएसचं 'पाठवा' दाबून पाहिलं. पहिल्या टिचकीला गेला. फोन पुन्हा नेहमीसारखा चालू करून 'इतर ॲप्सवर दिसण्याची परवानगी' कुणाकुणाला आहे ती यादी उघडली, तर त्यात भाच्याने सुट्टीत टाकलेलं स्क्रीन रेकॉर्डिंगचं ॲप. त्याचं तरंगतं बटण कडेला लपवलेलं होतं, पण त्याची न दिसणारी पट्टी उजव्या कडेवर पसरून प्रत्येक टिचकी गिळत होती. कीबोर्ड अशा पट्टीच्याही वर असतो, म्हणून अक्षरं उमटत होती. परवानगी काढली, आईचा अडकलेला मेसेज गेला.

आपल्या घरात फोन बिघडला की म्हातारी माणसं "माझ्याच हातून काहीतरी झालं" म्हणून गप्प बसतात. आई आठ दिवस बोलली नव्हती. म्हणून लिहा. लक्षण काय होतं, काय केलं, आणि नाहीच जमलं तर तेही.

*

नांदेड, शिक्षिका

आमच्याकडे सासूबाईंचा फोन एक दिवस अचानक बोलायला लागला. बोट लावलं की तिथे चौकोन यायचा, फोन त्या जागेचं नाव वाचून दाखवायचा, पण उघडायचं काहीच नाही. पडदा वरखालीही सरकेना. त्यांनी घाबरून फोन कपाटात ठेवून दिला. दुकानात सांगितलं, "सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल." त्यात नातीच्या बारशाचे फोटो होते, त्यामुळे मी नको म्हटलं.

बिघाड काहीच नव्हता. ते टॉकबॅक होतं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीची सोय. ती चालू असली की एका टिचकीने नुसतं निवडलं जातं, उघडायला त्यावर दोनदा टिचकी मारायची आणि पडदा दोन बोटांनी सरकवायचा. बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की ते बंद होतं. सासूबाई देवळाच्या रांगेत फोन मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या, तेव्हाच ती बटणं दाबली गेली असावीत.

आयफोनवर हेच व्हॉइसओव्हर नावाने असतं. बहिणीच्या फोनवर झालं तेव्हा सिरीला "टर्न ऑफ व्हॉइसओव्हर" म्हटलं आणि बंद झालं.

*

चिपळूण

पावसाळ्यात फोन आपोआप टच व्हायचा. ॲप उघडायचं, बंद व्हायचं, एकदा रात्री साडेअकराला साहेबांना फोन लागला. रीस्टार्ट केला, अपडेट केलं, सेफ मोड पाहिला, सगळं तसंच. मग लक्षात आलं की हे फक्त चार्जिंगला लावल्यावर होतं. एसटी स्टँडवर घेतलेला चार्जर काढून मूळ चार्जर लावला, थांबलं. काच बोटामुळे होणारा विजेचा अगदी बारीक फरक मोजते, आणि वाईट चार्जरची खरखर त्यात मिसळते, असं नंतर कळलं. सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी वायर काढून पाहा.

*

हिंगोली, शेतकरी

१ आणि २ सप्टेंबर २०२४ चा पाऊस आमच्याकडे कुणी विसरणार नाही. सोयाबीन शेंगा धरलेलं, पाण्याखाली गेलं. मी गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढले, व्हिडिओ काढला, आणि परत येताना ओढ्यात फोनसकट भिजलो.

पीकविम्याला नुकसान कळवायची मुदत तेव्हा ७२ तासांची होती. टोल फ्रीवर फोन लावायला दुसऱ्याचा मोबाइल चालला असता, पण फोटो माझ्या फोनमध्ये. फोन बंद करून दिवसभर पंख्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी चालू झाला, पडदा लख्ख दिसत होता, पण टच पूर्ण मेला होता. लॉकसुद्धा उघडेना. गावातली लाइट गेलेली, हिंगोलीला जायचा रस्ता बंद.

शेजारचा पोरगा सीएससी सेंटर चालवतो. तो म्हणाला, काका, टच नसला तरी फोनला माऊस लागतो. त्याने ओटीजीची पिन (फोनला यूएसबीच्या वस्तू लावायचा जोड) काढली, कॉम्प्युटरचा माऊस तिच्यात खुपसला आणि पिन फोनला लावली. पडद्यावर बाण आला. फोनवर माऊसचा बाण मी पहिल्यांदाच बघत होतो. लॉकचा पॅटर्न माऊसने ओढला. हात थरथरत होता म्हणून दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उघडला. त्याच फोनवरून इन्शुरन्सच्या ॲपमध्ये माहिती भरली, फोटो चढवले. मग सगळे फोटो त्याच्या पेन ड्राइव्हवर घेतले. पेन ड्राइव्ह आणि माऊस एकदम लागत नव्हते, म्हणून आधी ब्लूटूथने पाठवून पाहिलं, पण ते फार हळू चालत होतं. शेवटी छोटा हब आणला.

टच काही परत आला नाही, आठवड्याने काच बदलावीच लागली. पण तोपर्यंत माझं काम झालं होतं. ओटीजीची पिन शंभर रुपयांच्या आत मिळते. प्रत्येक घरात एक असू द्या. आणि पिन लावण्याआधी चार्जिंगची जागा पूर्ण कोरडी झालेली पाहिजे, नाहीतर आहे तेही जाईल.

*

कोल्हापूर, मोबाइल दुरुस्ती

मी दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. गिऱ्हाईक "सॉफ्टवेअर मारून द्या" म्हणतं, आणि आमच्यातले काही लगेच मारून देतात. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, हे मी माझ्या पोरांना रोज सांगतो.

काउंटरवर फोन आला की माझा क्रम ठरलेला आहे. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास काढतो, काच कोरडी पुसतो, बोट न लावता रीस्टार्ट करतो. जाड ग्लास लावून टच मंद झाला असेल तर सॅमसंगमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असते, ती चालू करतो. सॅमसंगच्याच बऱ्याच फोनवर डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की तपासणीचा पडदा येतो. त्यात टचची चाचणी आहे, बोट फिरेल तशा चौकटी भरत जातात. दर वेळी त्याच जागेची चौकट रिकामी राहत असेल, तर काच किंवा तिला आतून जोडणारी पट्टी गेलीय. तिथे कुठलंही सेटिंग चालत नाही.

प्ले स्टोअरवरची 'टच कॅलिब्रेशन'ची ॲप्स उतरवू नका. टचची आयसी, म्हणजे चिप, स्वतःच्या फर्मवेअरवर (आत बसवलेल्या सॉफ्टवेअरवर) चालते आणि साध्या ॲपला तिथे हात घालता येत नाही. जुन्या, काडीने दाबायच्या पडद्यांना कॅलिब्रेशन लागायचं, ते दिवस गेले. ती ॲप्स जाहिराती दाखवतात, दुसरं काही नाही.

पण सॉफ्टवेअरने टच जातच नाही, असंही म्हणू नका. २०१८ साली आयओएस ११.३ आल्यावर काही आयफोन ८ चा टच बंद पडला. ज्यांची काच बाहेर, मूळ नसलेली घालून बदलली होती, असे ते फोन होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ११.३.१ आलं आणि तो टच परत चालू झाला. ॲपलने अपडेटच्या नोंदीत तसं लिहिलं होतं. म्हणून अपडेटनंतर लगेच टच गेला असेल तर मी गिऱ्हाइकाला काच बदलायची घाई करू नका म्हणतो, पुढच्या अपडेटची वाट बघा.

*

जळगाव

माझा टच गेलाच नव्हता, फोन भरला होता. ६४ जीबीमध्ये ३०० एमबी उरले होते. टिचकी मारली की चार सेकंदांनी उघडायचं, तोवर मी आणखी तीनदा मारलेली, आणि मग सगळं एकदम उघडायचं. टिचक्या उशिरा का होईना पोचत असतील तर काच चांगली आहे, हे माझ्यावरून सांगतो. सुप्रभातचे व्हिडिओ काढून १४ जीबी मोकळे केले.

*

डोंबिवली

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. गेलं वर्षभर ते म्हणत होते, फोन माझं ऐकत नाही. एका आकड्याऐवजी तीन उमटायचे, फोटोवर बोट ठेवलं की तो उघडण्याऐवजी निवडला जायचा. आम्ही दोन फोन बदलले. दोन्ही फोन उत्तम होते. हे कळायला आम्हाला एवढा वेळ लागला, याचं फार वाईट वाटतं.

त्यांच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सेटिंग दाखवलं. सॅमसंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी' आहे. तिथे 'टॅप ड्युरेशन' लावलं की बोट ठरलेला वेळ टेकलेलं असेल तरच फोन ती टिचकी मानतो. 'इग्नोर रिपीटेड टचेस' लावलं की लागोपाठच्या टिचक्यांतली फक्त पहिली घेतो. आकडे एकदम ठरत नाहीत. पहिल्या दिवशी मी वेळ जास्त ठेवला तर बाबा वैतागले, काहीच उघडत नाही म्हणाले. मग त्यांच्या शेजारी बसून थोडा थोडा कमी करत गेले. शेवटी टॅपला ०.३ सेकंदांवर जमलं. 'टच अँड होल्ड'ची, म्हणजे बोट दाबून धरायची, वेळ मात्र लांब ठेवली. आयफोनवर हेच 'टच अकोमोडेशन्स'मध्ये आहे.

गोळीचा असर उतरायला लागला की थरथर वाढते, तेव्हा अजूनही चुकतं. त्या वेळेसाठी गुगलचं 'व्हॉइस ॲक्सेस' टाकून ठेवलंय. पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला आकडा येतो आणि तो आकडा म्हणायचा. बाबांना इंग्रजीत आकडे म्हणायला आवडत नाही, पण सामना बघायचा असला की म्हणतात.

*

टोरांटो

हिवाळ्यात हातमोज्यांमुळे नाही, तर हीटरने बोटं कोरडी पडल्यामुळे टच लागत नाही, हे मला इथे येऊन कळलं. पिक्सेलवर 'स्क्रीन प्रोटेक्टर मोड' चालू केल्यावर फरक पडला, हाताला मलम लावल्यावर त्याहून जास्त.

*

नाशिक

फॅक्टरी रीसेट करणार असाल तर आधी गुगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, ते बघा. टच नसताना बटणांनी रिकव्हरीतून रीसेट केला, तर चालू झाल्यावर फोन आधीचंच खातं मागतो. माझा ओटीपी त्याच फोनवरच्या सिमवर येत होता. सिम काढून बायकोच्या फोनमध्ये घातलं तेव्हा सुटलो.

*

सांगली

माझा अनुभव नाही जमल्याचा. टच मधल्या भागात अडखळायला लागला. सेफ मोड, कॅशे, अपडेट, रीसेट, सगळं महिनाभर करत बसलो, कारण काच चांगली दिसत होती. एक दिवस फोन टेबलावर पालथा ठेवला तर डुलला. डोळ्यांच्या पातळीला धरून कडेने पाहिलं तर काच आणि चौकट यांच्यात नखभर फट. बॅटरी फुगून पडद्याला आतून रेटत होती. एवढे दिवस मी तो उशाशी चार्जिंगला लावून झोपत होतो.

तुमचा टच कुठल्याही कारणाने बिघडला असेल, तरी सेटिंग्ज उघडायच्या आधी फोन सपाट जागेवर ठेवून डुलतोय का, फट पडलीय का, ते बघा. फट दिसली तर चार्जिंग बंद, दाबून बसवायचा नाही, उकलायचाही नाही, बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. माझी बॅटरी बदलल्यावर टच त्याच काचेवर आपोआप नीट झाला.