फॅट ३.३ टाकलं की दर ३.२ चा येतो, सूत्र कुठे चुकतंय?

केंद्रावरची लेक
नमस्कार मंडळी. गावात आमचं दूध संकलन केंद्र आहे, ४६ उत्पादक. वडील वहीत बिलं करायचे, गेल्या दिवाळीपासून मी एक्सेलवर करते. बेरीज-गुणाकार जमतात, व्हीलुकअप (तक्त्यातून हवा तो आकडा शोधून आणणारं सूत्र) व्हिडिओ बघून शिकले.

१ तारखेपासून दर बदलले म्हणून दरपत्रकाची नवी शीट केली. पहिल्या रकान्यात फॅट, वरच्या ओळीत एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), मध्ये दर. जुन्या शीटमध्ये फॅटचे आकडे एकेक हाताने टाकले होते. यावेळी फक्त ३.० टाकला आणि खाली ‘वरचा सेल अधिक ०.१’ हे सूत्र ओढत नेलं. व्हीलुकअपच्या शेवटी ट्रू-फॉल्स काहीच लिहिलेलं नाही, व्हिडिओत तसंच होतं.

काल एक मावशी पावत्या घेऊन आल्या. दोन गाई, रोजचं १२ लिटर दूध, फॅट ३.५ च्या आसपास. भिंतीवरच्या छापील दरपत्रकाशी ताडलं तर दहाही दिवस मी एक पायरी खालचा दर लावलेला. लिटरमागे ३० पैसे, म्हणजे बिलात ३६ रुपये कमी! मग सगळीच बिलं तपासली. ३.२ पर्यंत दर बरोबर, ३.३ पासून पुढे सगळे एक पायरी खाली. सूत्राच्या शेवटी फॉल्स लिहून पाहिलं तर तिथे थेट #एन/ए, म्हणजे आकडा सापडलाच नाही. सेलमध्ये तर ३.३ स्वच्छ दिसतंय.

२० तारखेचं बिल काढायचंय. नुसतं दुरुस्त सूत्र देऊ नका, असं का होतं तेही सांगा. मावशींना मला समजावून सांगता आलं पाहिजे.

पाटीपेन्सिल
आकडे टेक्स्ट म्हणून बसले असतील. आकड्यापुढे ‘रु.’ किंवा ‘लि.’ लिहिलं की असं होतं. रकान्याचा फॉरमॅट बघा.

केंद्रावरची लेक
तेही पाहिलं. आकडे उजवीकडे चिकटलेले आहेत आणि बेरीजही बरोबर येते.

निवृत्त लेखनिक
ताई, गोम त्या ‘अधिक ०.१’ मध्ये आहे. एकाला तीनने भागलं की ०.३३३ संपतच नाही ना? संगणक दोनच्या पद्धतीत मोजतो आणि त्या पद्धतीत ०.१ तसाच न संपणारा आहे. कुठेतरी तोडून ठेवावा लागतो. ३.१ आणि ३.२ सुदैवाने जुळतात. पण ३.२ मध्ये ०.१ मिळवलं की सेलच्या पोटात ३.३००००००००००००००३ बसतं. एक्सेल १५ अंकच दाखवतं, म्हणून दशांश कितीही वाढवले तरी तो शेवटचा ३ दिसणार नाही.

आता शेवटी काही लिहिलं नाही की व्हीलुकअप ट्रू धरतं. मग नेमका आकडा नसेल तर त्याच्या खालोखालचा घेतं. तुम्ही टाकलेला ३.३ त्या सेलपेक्षा केसभर लहान, म्हणून ते ३.२ च्या ओळीवर थांबतं. आणि प्रत्येक सेल वरच्यावरून काढलेला असल्याने ती चूक खालपर्यंत झिरपते.

ए३ मध्ये =राउंड(ए२+०.१,१) लिहा आणि खाली ओढा, राउंड बेरीज एका दशांशावर आणून ती चूक पुसतं. व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स लिहायची सवय लावून घ्या, म्हणजे ते नेमका तोच आकडा शोधतं. #एन/ए आलं की आपण थांबून बघतो. खालचा दर मात्र गुपचूप बिलात जातो, आणि तो पैसा गोठ्यात राबणाऱ्या माणसाचा असतो.

तालुक्याचा मास्तर
लेखनिक काकांचं बरोबर आहे. एक भर घालतो. वर सूत्राच्या पट्टीत व्हीलुकअपमधला एखादा तुकडा निवडून एफ९ दाबा, त्या तुकड्याचं उत्तर तिथेच दिसतं. बाहेर पडताना मात्र एस्केप. एंटर दाबलंत तर त्या तुकड्याच्या जागी आकडाच बसतो. मी शाळेच्या निकालपत्रकात सूत्रं अशीच तपासतो. आणि दरपत्रकाची रेंज डॉलर लावून बांधली आहे ना? एफ४ ने लागतात. नाहीतर सूत्र खाली ओढताना तीही सरकते.

केंद्रावरची लेक
जमलं! राउंड घातल्यावर फॉल्स ठेवूनही सगळे दर येतात. डॉलर होते. छापील दरपत्रकाशी सगळे आकडे बोट ठेवून ताडले, वडील वाचत गेले आणि मी बघत गेले. ३१ जणांना मिळून १,११८ रुपये कमी गेले होते. २० तारखेच्या बिलात ‘मागील फरक’ असा वेगळा रकाना केलाय. मावशींना एक-भागिले-तीन वहीवर करून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे मशीनलाही सुटे पैसे देता येत नाहीत.”