अनुभव धागा: क्लबच्या ग्रुपवर मुलांची टिंगल. नाशिककर, तुमच्याकडे काय झालं?

भाचा गोल्फ क्लब मैदानावर सरावाला जातो. सामन्यात सोपा झेल सुटला, कुणीतरी व्हिडिओ काढला, संध्याकाळपर्यंत त्याचा स्टिकर झाला. आता पोरगं 'पोट दुखतंय' म्हणून मैदान टाळतंय. असं झालं तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत? उपदेश नको, घडलेलं लिहा. मुलांची, क्लबांची नावं टाळा.

खोखोवाली ताई, पंचवटी
आमच्या मुलींचे पोलडाइव्ह (खांबाकडे सूर) मारतानाचे फोटो खोट्या इन्स्टा खात्यावर, खाली घाणेरड्या ओळी. एका मुलीचे वडील रागाने फोनमधलं सगळं उडवायला निघाले, त्यांना थांबवलं. आधी खात्याची आणि प्रत्येक पोस्टची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. महिला-बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. आम्ही दिलं, कारण पुढे काय झालं ते विचारता यायला हवं. खातं गेलं. दोन मुली मात्र अजून ट्रॅकपँट घालूनच धावतात, त्याचा राग येतो.

सातपूरचा रेडर
कबड्डी क्लबचा ग्रुप मी सांभाळतो. 'ॲडमिन आत जातो' या भीतीने आधीचे सर सोडून गेले. सदस्याच्या पोस्टमध्ये ॲडमिनचा हात नसेल तर नुसता ॲडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. म्हणून हात झटकायचे असं नाही. व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी उडवता येतो. मी स्क्रीनशॉट ठेवून उडवतो आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला बाजूला घेतो. ग्रुपवर झापलं की तो हिरो होतो. (सगळ्यात मोठा उपद्रवी पोरगा नव्हताच, एका खेळाडूचे वडील होते. काढलं. वर्गणी बंद झाली, चालतंय.)

जुना पैलवान
आमचे वस्ताद सगळ्यांसमोर काय वाट्टेल ते बोलायचे. काही झालं नाही आम्हाला. पोरं नाजूक झालीत.

शटल_१६
काका, वस्तादांचं बोलणं तालमीतच राहायचं ना? आमच्याकडे मॅडमना वगळून वेगळा ग्रुप होता. त्यावर पोल: 'टीममधून कुणाला हाकलायचं?' पर्याय दोनच, मी आणि माझी डबल्सची पार्टनर. रात्रभर मतं वाढताना बघत होते. व्हॉट्सॲप पोलमध्ये मत कुणी दिलं ते दिसतं, म्हणून मॅडमनी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. पोल टाकणारी अजून टीममध्ये आहे. चांगली खेळते. आम्ही बोलत नाही.

वकील, नाशिकरोड
आयटी कायद्याचं ६६-ए, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मेसेजबद्दलचं कलम, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, ते विसरा. दुसऱ्याच्या नावाने खोटं खातं काढलं तर ६६-सी, ६६-डी लावतात. मुलीने नको म्हटल्यावरही मुलगा मेसेज करत राहिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ (पाठलाग). आणि पालकांनो, अठराखालच्या मुलीचा अश्लील केलेला फोटो 'बघा काय चाललंय' म्हणून पुढे पाठवू नका, तोही गुन्हाच. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

सिडकोची आई
रेडरभाऊ, बाजूला घेऊन नेमकं काय बोलता?

सातपूरचा रेडर
फार काही नाही, ताई. स्वतःचा मेसेज मला मोठ्याने वाचून दाखव म्हणतो. बहुतेकांना पहिली ओळही जमत नाही. एकाने शेवटपर्यंत वाचला, त्याच्या घरी जावं लागलं.