दाराच्या मोल्डिंगचा वरचा कोपरा जुळत नाही, मदत हवी आहे

आतल्या दाराच्या चौकटीभोवती ७० मिमी रुंद, १८ मिमी जाडीची लाकडी पट्टी बसवतोय. उजवीकडे प्लास्टर चौकटीच्या ५-६ मिमी पुढे आलंय. वर आणि डावीकडे सपाट आहे. त्यामुळे उजवी पट्टी दाराकडे कलते आणि कोपऱ्यात तिची बाहेरची कड आडव्या पट्टीपेक्षा पुढे राहते. गुण्या लावून पाहिलाय, चौकट काटकोनात आहे, ४५ अंशाचा कापही बरोबर आहे. पट्टीची मागची बाजू रंध्याने थोडी उतरवली, पण नक्षीमुळे फार उतरवता येत नाही. फटीत लांबी (पुट्टी) भरून झाकायचं नाही, ती पुढे तडकतेच. प्लास्टर छिन्नीने काढलं असतं, पण स्विचची वायर नेमकी त्याच बाजूने गेली आहे.

चौकटीवर पातळ लाकडी चीप ठोकून ती भिंतीच्या पातळीला आणली, तर चीप फक्त उजवीकडे पुरेल की तिन्ही बाजूंना द्यावी लागेल?