प्रतिसाद: पगाराचं काय?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत देशासाठी बायका मिळेल त्या पगारावर राबल्या, असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच खरं वाटतं. राबल्या, पण मुकाट्याने नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या हिलिंग्टनला रोल्स-रॉइसच्या कारखान्यात स्पिटफायर, लँकेस्टर विमानांची मर्लिन इंजिनं बनायची. तिथे १९४३ च्या शरद ऋतूत, ऐन युद्धात, सुमारे १६,००० कामगार संपावर गेले. त्यात बहुसंख्य बायका, आणि कित्येक पुरुषही त्यांच्या बाजूने उतरले.

मागणी साधी होती: त्याच मशीनवर पुरुषाला जो दर, तोच आम्हाला. शेवटी प्रत्येक मशीन आणि त्यावरचं काम यादीत घालून दर ठरले, चालवणारा पुरुष की बाई हे न बघता. मला तर हे बायकांना युद्धकामाला बोलावणाऱ्या त्या काळच्या पोस्टरवरच्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा फार मोठं वाटतं.