‘बस-बहिष्कार’ खटकतो का? दुसरा शब्द सुचवा

तापीकाठ (जळगाव)
एका वसतिगृहातल्या मुलांसाठी छोटी पुस्तिका करतोय. विषय अमेरिकेतला माँटगोमेरीचा लढा. रोझा पार्क्स ह्या काळ्या बाई 1 डिसेंबर 1955 ला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, त्यांना अटक झाली, आणि 5 तारखेपासून तिथल्या काळ्या लोकांनी शहराच्या बसमध्ये पाय ठेवणं बंद केलं. 381 दिवस. मी सरळ ‘बस-बहिष्कार’ लिहून पुढे गेलो. कच्चा मजकूर वाचायला दिला तर बी.ए.ची एक मुलगी म्हणाली, “सर, बहिष्कार तर आपल्यावर टाकतात. ह्यांनी बसवर कसा टाकला?” कोश दाखवून तिचं समाधान होणार नाही, माझंही झालेलं नाही. तुम्ही काय लिहाल?

पांझराकाठची
बहिष्कारच लिहा. निवडणुकीवर बहिष्कार, पेपर तपासणीवर बहिष्कार, ग्रामसभेवर बहिष्कार. रोजच्या बातम्यांत येतं. मुलांना कळत नाही असं कसं?

तापीकाठ
कळतं, ताई. कळतं म्हणूनच खटकलं. तिच्या आजोबांच्या गावात ‘बहिष्कार’ ह्या शब्दाला एकच अर्थ होता.

जुना मास्तर (अमळनेर)
मुलगी व्युत्पत्तीच्या बाजूने उभी आहे. बहिः अधिक कृ, म्हणजे बाहेर करणे. बाहेर कोण काढू शकतो? ज्याचं घर आहे तो. वस्तूवर बहिष्कार हा अर्थ रुळला तो वंगभंगानंतर. टिळकांची चतुःसूत्री आठवा: स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण. आणि त्याच मुंबई इलाख्यात 1924 ला बाबासाहेब संस्था काढतात ती ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, 1927 ला पाक्षिक काढतात ते ‘बहिष्कृत भारत’. वीसेक वर्षांत एकाच भाषेत एकाला बहिष्कार हे हत्यार वाटतंय आणि दुसऱ्याला तीच जखम. मग 2016 चा आपल्या राज्याचा कायदा पाहा, त्याच्या नावातच ‘सामाजिक बहिष्कार’ आहे, आणि तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद. आता तुम्ही मुलांना सांगणार की माँटगोमेरीत लोकांनी बहिष्कार टाकला आणि ते थोर होते.

पांझराकाठची
मास्तर, शब्दाला दोन अर्थ असतात. ‘कर’ म्हणजे हातही आणि टॅक्सही. आपण गोंधळतो का?

जुना मास्तर
हाताने कोणी विहिरीवरून हाकललं असेल तर गोंधळतो.

कळण्याची भाकर
आमच्या गावातलं सांगते, यावल तालुका, गावाचं नाव राहू द्या. एका घराला वाळीत टाकलं होतं. मुलीने बाहेरच्या जातीत लग्न केलं, एवढंच कारण. पंच बसले नाहीत, ठराव झाला नाही, कोणी ‘बहिष्कार’ हा शब्द उच्चारला नाही. ती बाई कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, दळण घेऊन गिरणीवर गेली की गिरणीवाला म्हणायचा, “लाईट नाही.” आणि त्याच्या मागे पट्टा फिरतोय, पीठ उडतंय, त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. ती डबा डोक्यावर घेऊन परत. तिच्या पाठोपाठ गेलेल्या बाईचं दळण व्हायचं. माझी मोठी आई मग तिचा डबा आपल्या डब्यासोबत न्यायला लागली. “आमच्याकडे पाहुणे आहेत, दोन डबे झालेत.” गिरणीवाल्याला माहीत होतं, मोठ्या आईलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. पाहुणे कितीतरी महिने राहिले!

ह्यात बहिष्कार कोणी टाकला म्हणायचं? गावाने? गिरणीवाल्याने? लाईटने?

धुळेकर भो
‘लाईट नाही’ हा शब्दच कोशात घ्या त्या अर्थाने. आमच्याकडे म्हणतात, “आपले काय करनं शे?” झालं, विषय संपला.

लेवा वाचक
यावलकडे ते ‘आपल्याले काय करनं हाये’ असेल. तिकडे लेवा बोली, तुमची अहिराणी नाही.

धुळेकर भो
भो, कोणत्या बोलीत हात झटकले ते महत्त्वाचं शे का?

लेवा वाचक
शब्दचर्चेत आहे.

बागलाणी
तापीकाठ दादा, ‘असहकार’ लिहा. मी माझ्या मनाने सांगत नाही. त्या लढ्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग, त्यांना स्वतःलाच ‘बॉयकॉट’ शब्द टोचत होता. 1958 च्या त्यांच्या पुस्तकात ते सांगतात की गोऱ्यांच्या संघटनाही काळ्यांविरुद्ध हेच हत्यार वापरत होत्या, मग आपण वेगळं काय करतोय असा प्रश्न त्यांना पडला. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण बस कंपनीला उपाशी मारायला निघालेलो नाही, एका दुष्ट व्यवस्थेला दिलेली साथ काढून घेतोय. म्हणजे असहकारच. शिवाय माँटगोमेरी ज्या राज्यात आहे त्या अलाबामात 1921 चा बॉयकॉटविरोधी कायदा होता, त्याखालीच किंगवर खटला झाला आणि 500 डॉलर दंड झाला. म्हणजे ‘बॉयकॉट’ हे नाव फिर्यादीच्या सोयीचं होतं.

तापीकाठ
हे मस्त आहे. म्हणजे त्या मुलीला जे खटकलं तेच किंगना खटकलं होतं.

जुना मास्तर
सगळं खरं. पण ‘असहकार’ म्हटलं की 1920 आणि चरखा. आणि खान्देशात आजच्या पोराला ‘सहकार’ म्हणजे काय? पतसंस्था आणि बंद पडलेला साखर कारखाना. असहकार म्हणजे त्याला वाटेल कर्जाचे हप्ते थकवणे.

कपाशीतला माणूस
मग ‘बॉयकॉट’च ठेवा देवनागरीत. तो मुळात कोशातून आलेला नाही, ते एका माणसाचं आडनाव आहे. कॅप्टन बॉयकॉट, आयर्लंड, 1880. जमीनदाराचा कारभारी, कुळांना हुसकावायला निघाला. मजुरांनी शेतावर जाणं सोडलं, दुकानदारांनी सामान देणं सोडलं. बाहेरून सैन्याच्या बंदोबस्तात माणसं आणून पीक काढावं लागलं. म्हणजे मुळातला बॉयकॉट खालून वर गेलेला आहे. दिशा बरोबर आहे.

कळण्याची भाकर
दुकानदारांनी सामान देणं सोडलं, म्हणजे “लाईट नाही”च ना? हत्यार तेच आहे, भाऊ. कारभाऱ्यावर चाललं म्हणून चांगलं, आमच्या शेजारणीवर चाललं म्हणून वाईट. शब्दाने ते कसं सांगणार?

मराठीप्रेमी
देवनागरीत इंग्रजी लिहिलं की मराठी होत नाही. ‘वाळणे’ हे अस्सल क्रियापद आपल्याकडे आहे. ‘त्यांनी बस वाळली’ असं का नाही?

पांझराकाठची
बस वाळली?! पापड आहे का तो?

मराठीप्रेमी
वाळणे म्हणजे वर्ज्य करणे. त्यावरूनच वाळीत. सुकणे हा अर्थ वेगळा.

धुळेकर भो
माझी आजी म्हणायची की वाळीत म्हणजे वाळूत, गावाबाहेर नदीच्या वाळूत नेऊन सोडत म्हणून. पांझरेची वाळू तर ठेकेदाराने नेली. आता कुठे टाकणार?

जुना मास्तर
आजीला मान, पण व्युत्पत्ती आजीला विचारू नये.

तापीकाठ
मंडळी, जरा इकडे. शब्दापलीकडची एक अडचण. माझ्या मजकुरात पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांची पानं जास्त आहेत. जो अ‍ॅन रॉबिन्सन ही कॉलेजात इंग्रजी शिकवणारी बाई, पार्क्सना अटक झाली त्याच रात्री तिने सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली. जॉर्जिया गिलमोर स्वयंपाकीण, नोकरी गेली तर घरी चिकन नि केक करून विकायला लागली. तिच्या बायकांच्या गटाचं नाव असं होतं की ‘कुठूनच नाही’. पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर खरंच, “कुठूनच नाही.” देणाऱ्याचं नाव फुटायला नको. आणि गोऱ्या घरमालकिणी! मोलकरीण आली नाही तर घर अडतं, म्हणून त्या स्वतः गाडी काढून तिला आणायला-सोडायला लागल्या. महापौर चिडला, हे बंद करा म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. ह्या बायका बहिष्कारात होत्या की नव्हत्या?

कळण्याची भाकर
मोठी आई. दोन डबे.

बागलाणी
नाही पटत. मालकिणीची धुणीभांडी अडली होती. मोठ्या आईचं काय अडलं होतं?

कळण्याची भाकर
ते मलाही माहीत नाही. कधी विचारलं नाही. त्या शेजारणीकडून उन्हाळ्यात बिबडे लाटून घ्यायची, एवढं आठवतं. तेवढ्यासाठी केलं असेल तर कमी का?

साक्रीवाला
इतका वेळ वाचतोय. माँटगोमेरीची 381 दिवसांची हकिकत पाठ आहे सगळ्यांना. राईनपाडा कोणी काढलं नाही. आपलाच धुळे जिल्हा, साक्री तालुका, 1 जुलै 2018. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी अशी मोबाइलवरची अफवा, आणि बाजाराच्या दिवशी पाच जण मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत. पेपरात काय आलं? ‘बघ्यांची गर्दी’. मला ह्या ‘बघ्या’ शब्दाबद्दल बोलायचं आहे. हा शब्द माणसाला सोडवतो. मारणारे वेगळे, बघे वेगळे. भटक्यांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, 1952 ला तो कायदा गेला, पण अनोळखी भटका दिसला की चोर, हे गेलं नाही. ते बघ्याच्याही डोक्यात असतं.

मराठीप्रेमी
विषय दुःखद आहे, पण धागा बस-बहिष्काराचा आहे.

साक्रीवाला
धागा जबाबदारीचा आहे. तुम्हाला बस दिसते.

पांझराकाठची
साक्रीवाले दादांशी सहमत, पण बघ्या सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेत मिनिआपोलिसला 25 मे 2020 ला जॉर्ज फ्लॉइड ह्या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने 9 मिनिटं 29 सेकंद गुडघा ठेवला. फुटपाथवर बघेच उभे होते. ते ओरडत होते, नाडी बघा म्हणत होते. डार्नेला फ्रेझिअर 17 वर्षांची, तिने मोबाइलवर सगळं घेतलं, पुढे कोर्टात साक्ष दिली. आणि सोबतचे जे तीन पोलीस होते, तेही पुढे दोषी ठरले. आता ह्यात बघ्या कोण?

साक्रीवाला
मोबाइल राईनपाड्यातही होते, ताई. व्हिडिओ तिथेही निघाले. ते कशासाठी काढले हा फरक शब्दात येत नाही.

लेवा वाचक
बघ्याचं स्त्रीलिंग काय? फ्रेझिअरला काय म्हणाल?

धुळेकर भो
बघी.

लेवा वाचक
बग्गी वाटतं. नवरदेव बसेल.

जुना मास्तर
बघ्याला स्त्रीलिंग मी तरी ऐकलं नाही. चव्हाट्यावर उभं राहून बघायची मुभा बाईला कुठे होती? ती खिडकीतून बघायची, तिला बघ्या म्हणत नसत.

बागलाणी
मास्तर, ही तुमची आजीची व्युत्पत्ती झाली.

पांझराकाठची
ती साक्षीदार आहे. संपलं. बघणं आणि सांगणं दोन्ही.

साक्रीवाला
साक्षीदार म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी घरी जाऊन विचारतो, ‘जाऊ का नको?’ घरचे म्हणतात, पोलीस स्टेशनच्या चकरा मारायला वेळ आहे का तुला. जबाब द्यायला जो जातो तो जबाबदार, एवढी साधी व्युत्पत्ती आहे.

जुना मास्तर
ती फारशीत तशी नाही, पण आज वाद घालत नाही.

नंदुरबारकर
उशिरा आलो. कोणी ‘संप’ सुचवला नाही? आमच्याकडे गुजराती शेजारी म्हणतात, घरात संप राखा, म्हणजे एकोपा राखा. मराठीतही संपाचा जुना अर्थ एकीच आहे. 381 दिवस सगळं गाव एकमेकांना गाडीत बसवून कामावर नेत होतं, सुमारे 300 गाड्यांची साखळी उभी केली. ही एकी झाली की नाही? बहिष्कारात नुसतं काय सोडलं ते येतं, संपात कोण एकत्र आलं ते येतं. ‘बस-संप’ लिहा.

तापीकाठ
अर्थ सुंदर आहे. पण ‘बस-संप’ वाचून पोरांना एसटीवाल्यांचा 2021 चा संप आठवणार.

कपाशीतला माणूस
आणि माझा मेहुणा कंडक्टर आहे, त्या संपात पगाराविना घरी बसला होता. त्यात एकी किती होती ते त्याला विचारू नका, रात्र जाईल.

नंदुरबारकर
विचारा की. तोही अर्थ नोंदवू.